शमुएलचा समाजी



हिब्रू नावे पुष्कळदा एकेक वाक्यच असतात. ‘दानिएल’ म्हणजे ‘देव माझा न्यायाधीश’. ‘मिखाएल’ म्हणजे तर ‘देवासारखा कोण?’ असा प्रश्न. शेवटचा ‘एल’ देववाचक. ‘शमुएल’विषयी मात्र एकमत नाही. देवाकडे मागून घेतला म्हणून हन्नाने मुलाचे हे नाव ठेवले, असे बायबल सांगते. पण मागण्याचा तो धातू खरा शोभतो ‘शाऊल’ या नावाला! ‘देवाचे नाव’ हाच अर्थ अनेक अभ्यासकांना अधिक पटतो.

आपल्या कोकणातील बेने इस्राएलांनी ही नावे मराठी केली. १७९६ मध्ये मुंबईतील पहिले सिनेगॉग उभारणारे शमुएल यहेज्केल दिवेकर हे समाजी हसाजी म्हणूनही ओळखले जात. ‘यहेज्केल’ म्हणजे ‘देव बळ देतो’. दोन्ही नावांतला ‘एल’ गळाला, ‘जी’ आला. देव गेला आणि आदर तेवढा उरला, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ज्यांना गाव ‘शनिवार तेली’ म्हणे, त्यांना नावाच्या शेवटी देव जपण्याची निकड काय?

पुढे जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी हिब्रूचे व्याकरण रचले. १८३२ मध्ये मुंबईत छापलेले ते पुस्तक मराठीत होते.