आधी प्रश्न, मग साधन
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यापार हा माझा विषय नव्हे. माझे आयुष्य फळ्यापुढे गेले. तथापि आपल्या ज्ञातीतील दुकानदार आणि संगणकाच्या नोकरीतील तरुण या दोघांच्याही मुखी हल्ली एकच प्रश्न ऐकू येतो : धंद्याची पाहणी करण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? कार्यकारी मंडळाच्या आज्ञेवरून त्याविषयी चार शब्द सांगतो.

आरंभ माझ्या चुकीपासून करतो. माझ्या पुतण्याचे किराणा मालाचे दुकान आहे. विक्री होते, पण हाती पैसा उरत नाही, ही त्याची तक्रार. रंगीत आलेख काढणारे एक महागडे सॉफ्टवेअर घेण्याचा सल्ला मीच त्यास दिला. कर्ज काढून त्याने ते घेतले. आलेख उमटले, परंतु उत्तर मिळेना. कारण एकच तूरडाळ तीन निरनिराळ्या नावांनी नोंदलेली होती आणि उधारीची नोंद धड नव्हती. अखेर त्याच्या कन्येने बिलांच्या स्थळप्रती काढून तीन महिन्यांच्या नोंदी एक्सेलच्या साध्या तक्त्यात भरल्या. पैसा उधारीत अडकला आहे, हे तेव्हा उमगले. दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. प्रश्न न ठरविता साधन आणले, हा दोष आमचा. कर्जाचे हप्ते मात्र तो अद्याप फेडीत आहे.

हा तक्ता काही नवा नव्हे. १९७९ साली अमेरिकेत डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिजिकॅल्क सिद्ध केले. एक आकडा बदलताच त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे आपोआप बदलू लागले. एक्सेल त्याच वंशातील होय. त्यालाही मर्यादा आहे. आज त्याच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. जुन्या धाटणीच्या फाइलीत केवळ ६५,५३६. २०२० साली इंग्लंडात करोनाच्या नोंदी अशा जुन्या फाइलीत न मावल्यामुळे १५,८४१ रुग्ण दैनिक आकड्यांतून गळले आणि त्यांच्या सहवासात आलेल्यांचा शोध लांबला. साधनाची मर्यादा न जाणणे असे भोवते.

तेव्हा विवेक असा ठेवावा. जमाखर्च आणि वस्तू व सेवा कर यांसाठी टॅलीसारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर. थोड्या नोंदींच्या पाहणीस एक्सेल, अथवा विनामूल्य मिळणारे लिब्रेऑफिस. नोंदी लाखोंनी वाढल्या तर डेटाबेस आणि त्याची एसक्यूएल भाषा. अनेकांना आलेख दाखवावयाचे तरच पॉवर बीआय. विकत घेण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्या : मला नेमके काय जाणावयाचे आहे? हे चालविणार कोण? दरवर्षी किती द्यावे लागेल? आणि उद्या सोडले तर माझ्या नोंदी मला परत मिळतील काय? विक्रेत्याच्या नमुन्यावर भुलू नये. आपल्याच एका महिन्याच्या नोंदी घालून पाहाव्या.

शेवटी एक विनंती. नोकरीतील तरुणांनी महिन्यातून एक रविवार ज्ञातीतील एखाद्या दुकानास द्यावा आणि वडीलधाऱ्यांनी आपली वही संकोच न करता त्यांच्यापुढे उघडावी. माझ्या पुतण्याने ती आधी उघडली असती, तर कर्ज टळले असते.