मोलाचा गडी



जो गडी पैसे घेऊन खेळतो, तो कोणाचा? पैसे देणाऱ्याचा, कीं ज्या मातींत तो वाढला त्या मातीचा? आज मी आपणांस अशा एका गड्याची हकीकत सांगणार आहें कीं, ज्याच्या कारकीर्दींत हा प्रश्न चौदा वर्षें उभा होता आणि ज्यानें त्याचें उत्तर एका रात्रीं ३३,००० लोकांसमक्ष दिलें. त्याचें नांव आर्थर बीटसन, देश ऑस्ट्रेलिया, खेळ रग्बी लीग.

हा खेळच मुळीं मजुरीच्या तंट्यांतून जन्मास आला. उत्तर इंग्लंडांतील गिरण्यांत आणि कोळशाच्या खाणींत राबणारे गडी शनिवारीं रग्बी खेळावयास जात, तेव्हां त्यांचा रोज बुडे. तो भरून देणें म्हणजे खेळाला बाजार बनविणें, असें चालकमंडळींतील सुखवस्तु गृहस्थांचें मत होतें. ज्याच्या घरची चूल रोजावर पेटते त्याला हें मत परवडणारें नव्हतें. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजीं उत्तरेकडील संघांचे प्रतिनिधि हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलांत जमले आणि त्यांनीं आपला सवता सुभा मांडला. पुढें १९०६ सालीं पंधरा गड्यांचे तेरा झाले. १९०८ सालीं सिडनी शहरांत हा खेळ रुजला. तेव्हां या खेळांत मोल घेणें ही लाजेची गोष्ट नाहीं. तोच त्याचा पाया आहे.

तेरांपैकीं सात गडी पिछाडीचे. ते चपळ, प्रेक्षकांचे डोळे त्यांच्या धांवण्याकडे लागलेले असतात. उरलेले सहा आघाडीचे. त्यांना फॉरवर्ड म्हणतात. चेंडू हातानें पुढें फेंकण्यास या खेळांत मनाई आहे. म्हणून पुढें सरकावयाचें तें बहुधा चेंडू छातीशीं धरून आणि समोरच्या माणसांच्या भिंतीवर आपलें अंग घालून. फॉरवर्ड धडक देतो. दोघे-तिघे त्याला खालीं पाडतात. तो उठतो, चेंडू पायानें मागें सारतो आणि पुढच्या धडकेस सज्ज होतो. चेंडू प्रतिपक्षाकडे गेला कीं येणाऱ्यांना अडविण्याचें कामहि त्याचेंच. नांगराच्या बैलासारखी ही मेहनत आहे. शेत तो नांगरतो, पण पीक बहुधा दुसऱ्याच्या नांवावर पडतें.

बीटसनचा जन्म २२ जानेवारी १९४५ रोजीं क्वीन्सलंड प्रांतांत, ब्रिस्बेनच्या पश्चिमेस सुमारें ४८० किलोमीटरांवर असलेल्या रोमा या गांवीं झाला. तो ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी वंशाचा. हें सांगणें अवश्य आहे. कारण त्याच्या बालपणीं या लोकांची देशाच्या लोकसंख्येंत गणतीच होत नसे. क्वीन्सलंडनें आपल्या प्रांतिक निवडणुकींत त्यांना मताचा हक्क दिला तो १९६५ सालीं. त्याच वर्षीं वीस वर्षांच्या बीटसनसह रेडक्लिफच्या संघानें ब्रिस्बेनचें विजेतेपद मिळविलें.

पुढच्याच वर्षीं तो सिडनीस गेला. असें जाणारा तो पहिला नव्हता आणि शेवटचाहि नव्हे. न्यू साउथ वेल्स प्रांतांत १९५६ सालीं क्लबांना जुगाराचीं यंत्रें ठेवण्याची मुभा मिळाली होती. त्या उत्पन्नावर सिडनीचे क्लब गबर झाले आणि उत्तरेकडील चांगला गडी दिसतांच त्याला उचलूं लागले. दोन्ही प्रांतांचे सामने होत, परंतु गडी ज्या प्रांतांत खेळे त्या प्रांताचा गणला जाई. त्यामुळें क्वीन्सलंडचीं मुलें सिडनीस जाऊन, निळा अंगरखा घालून, क्वीन्सलंडलाच हरवीत. बीटसनहि त्यांतलाच. बालमेन क्लबकडून खेळतांना १९६६ सालींच तो ऑस्ट्रेलियाच्या संघांत आला, न्यू साउथ वेल्सकडूनहि अनेकदां खेळला. मात्र आपल्या प्रांताचा तांबडा अंगरखा त्याच्या अंगावर कधींच चढला नाहीं.

त्याची कला कोणती? आपल्याकडे हुतुतू पाहणारांस ठाऊक आहे कीं, चौघांनीं धरलेला गडी दम टिकवून नुसतें बोट मध्यरेषेस लावतो आणि सारा डाव फिरतो. बीटसनचें तसेंच होतें. तिघे अंगाला झोंबले असतां तो एक हात मोकळा राखी आणि जमिनीवर पडण्यापूर्वीं चेंडू मागून येणाऱ्या सोबत्याच्या हातीं देई. प्रतिपक्षाचे तिघे त्याच्यांत गुंतलेले, आणि चेंडू केव्हांच निसटलेला! १९६७ सालीं नवा नियम झाला कीं, चार पकडी झाल्या म्हणजे चेंडूवरील हक्क संपावा. १९७१ सालीं चारांच्या सहा झाल्या. संधि अशी मोजून मिळूं लागली, तेव्हां पकडींतूनहि चेंडू जिवंत ठेवणाऱ्या या कलेचें मोल फार वाढलें.

परंतु केवळ कला पुरत नाहीं. बीटसन अंगानें अवाढव्य, खाण्याचा शौकीन. तो अर्धाच सामना खेळतो, अशी त्याची थट्टा होई. १९६९ सालीं बालमेननें विजेतेपद मिळविलें, पण त्या अंतिम सामन्यांत बीटसन नव्हता. मैदानावरून काढला गेल्यामुळें त्याच्यावर बंदी आली होती. १९७१ सालीं तो ईस्टर्न सबर्ब्स या क्लबांत गेला. तेथें जॅक गिब्सन या शिक्षकाच्या हाताखालीं त्याच्या शक्तीला शिस्त लाभली. त्याच्या नायकत्वाखालीं या क्लबनें १९७४ सालीं कॅंटरबरीस १९-४ असें आणि १९७५ सालीं सेंट जॉर्जला ३८-० असें हरवून लागोपाठ दोनदां विजेतेपद पटकावलें.

यांच्याहि आधींची एक गोष्ट मला मोठी वाटते. २७ मे १९६७ रोजीं ऑस्ट्रेलियाच्या जनतेनें शेंकडा ९० हून अधिक मतांनीं घटना बदलून आदिवासींस लोकसंख्येंत मोजण्याचें ठरविलें. त्यानंतर सहाच वर्षांनीं, १९७३ सालीं, बीटसन ऑस्ट्रेलियाचा नायक झाला. कोणत्याहि खेळांत देशाच्या संघाचें नायकत्व करणारा तो पहिला आदिवासी मानला जातो. ज्याला देश मोजीत नव्हता, त्याच्या मागोमाग देशाचा संघ मैदानांत उतरला. १९७७ सालीं विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत ग्रेट ब्रिटनला १३-१२ असें नमविणाऱ्या संघाचाहि तोच नायक होता.

आतां त्या रात्रीकडे वळूं. १९८० सालीं बीटसन पस्तीस वर्षांचा होता आणि पॅरामॅटा क्लबच्या दुय्यम संघांत खेळत होता. लोक म्हणत, याचे दिवस संपले. त्या वर्षीं न्यू साउथ वेल्सनें पहिले दोन सामने जिंकलेच होते. तिसऱ्यासाठीं मात्र नवी अट ठरली : गडी कोठेंहि खेळत असो, त्यानें आपल्या मूळ प्रांताकडून खेळावें. ८ जुलै १९८० रोजीं ब्रिस्बेनच्या लॅंग पार्कवर तांबड्या अंगरख्यांतील क्वीन्सलंडचा संघ बाहेर आला. सर्वांच्या पुढें नायक आर्थर बीटसन. प्रेक्षकांनीं केलेला जयघोष त्या शहरांतील लोक पुढें कित्येक वर्षें आठवीत.

एकाच क्लबचें मीठ खाणारे गडी एकमेकांविरुद्ध मनापासून लढतील काय, अशी शंका अनेकांनीं काढली होती. बीटसन पॅरामॅटांतील आपला सोबती मिक क्रोनिन याच्याशीं असा भिडला कीं, ती झटापट दंतकथा होऊन राहिली. त्याच दिवशीं वीस वर्षें पूर्ण केलेल्या मॅल मेनिंगानें सात वेळां चेंडू गोलांत मारला, एकदांहि चुकला नाहीं. आणि क्वीन्सलंडनें सामना २०-१० असा जिंकला. एक प्रयोग म्हणून झालेला हा सामना पुढें ‘स्टेट ऑफ ओरिजिन’ या नांवानें दरवर्षींचा उत्सव झाला. बीटसन स्वतः क्वीन्सलंडचा शिक्षक झाला आणि १९८२, १९८३ व १९८४ अशा तिन्ही वर्षीं त्याच्या संघानें मालिका जिंकली.

२००३ सालीं ऑस्ट्रेलियानें त्याला या खेळांतील ‘अमर’ गड्यांच्या मालिकेंत सातवें स्थान दिलें. १ डिसेंबर २०११ रोजीं गोल्ड कोस्ट येथें सायकलवरून जात असतां हृदयविकारानें त्याला मृत्यु आला. लॅंग पार्कपाशीं आज त्याचा ब्राँझचा पुतळा उभा आहे.

तेव्हां मोलाचा गडी कोणाचा? बीटसननें ज्यांचे पैसे घेतले त्यांना आपल्या अंगमेहनतीचा पुरेपूर मोबदला दिला. त्यांत त्यानें कसूर केली नाहीं. परंतु मजुरीनें मनुष्याची मेहनत विकत घेतां येते, त्याचें मूळ विकत घेतां येत नाहीं. तें योग्य हांक येईपर्यंत वाट पाहत असतें. हांक उशिरां आली, गडी थकलेला होता. तरीहि तो उठला, आणि खालीं पडण्यापूर्वीं चेंडू पुढच्या पिढीच्या हातीं देऊन गेला.