जुन्या मोटारीतला लाल दिवा

आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या आसपास, कुणाच्या वाड्यात, कुणाच्या गोठ्याशेजारी, अजून एखादी जुनी फियाट उभी दिसते. मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी. १९७४ च्या सुमारास तिचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. आमच्या वडिलांची गाडी त्याही आधीची, डायनामोवाली.

एका रात्री आजारी मामांना खुलताबादहून घाटी दवाखान्यात न्यायचं होतं. दौलताबादचा घाट उतरताना पुढचे दिवे कंदिलासारखे मिणमिणू लागले, इंजिन फडफडलं आणि गाडी थांबली. मागून आलेल्या एका ट्रकवाल्यानं मामांना वेळेवर पोचवलं, म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाले, "सगळं वायरिंग बदला." मी पडलो शाळामास्तर. उत्तर चुकलं म्हणून अख्खी वही कुणी फेकतं का?

शेवटच्या वाफ्याला पाणी पोचलं नाही, तर आपण काय करतो? विहिरीपासून पाटाच्या कडेनं चालत जातो. इथंही तसंच. बारा व्होल्टचा एक छोटा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा. एक टोक गाडीच्या उघड्या लोखंडाला, दुसरं जिथं वीज पाहायची तिथं.

बॅटरी चार्ज करून आणली आणि आधी इग्निशनची वाट धरली. किल्ली फिरवून कॉइलच्या किल्लीकडच्या टोकाला बल्ब लावला, पेटला. म्हणजे बॅटरीपासून तिथवर पाणी आलं. मग डिस्ट्रिब्यूटरकडचं टोक. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन हातानं हळूहळू फिरवलं. पॉइंट मिटले की बल्ब विझे, उघडले की पेटे. बल्ब नुसता पेटलेलाच राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांच्यावर काजळी आहे, असं समजावं. कॉइलच्या मधल्या जाड वायरीला मात्र हे करू नका. तिथं हजारो व्होल्ट असतात.

इग्निशन ठीक निघालं. राहिली चार्जिंगची वाट. डायनामोपासून दोन वायरी कटआऊटकडे जातात. जाड वायरीतून तयार झालेली वीज येते. बारीक ती फील्डची, तिच्यावाचून डायनामोत चुंबक जागा होत नाही. बॅटरीची अर्थची वायर आधी काढली, कारण पुष्कळ जुन्या गाड्यांत या वाटांवर फ्यूजच नसतो, आणि चुकून टेकलेली वायर क्षणात पेट घेते. मग बारीक वायर दोन्हीकडून सोडवली आणि तिच्यातून बल्बला वीज देऊन पाहिली. बल्ब पेटेना. वायर हलवली की लुकलुके. डायनामोच्या पट्टीवर घासून आतलं तांबं तुटलं होतं, वरचं आवरण जवळजवळ साबूत!

पण मग डॅशबोर्डावरच्या लाल दिव्यानं आम्हांला सांगितलं कसं नाही? त्या दिव्याच्या एका बाजूला बॅटरी, दुसऱ्या बाजूला डायनामो. दोन हौदांचं पाणी एका पातळीला आलं की मधल्या नळीतून वाहत नाही, तसा डायनामो भरात आला की तो विझतो. आमचा विझलेलाच होता, म्हणून आम्ही निर्धास्त. खरं तर त्याचा बल्बच कधीचा गेला होता.

हातभर वायर आणि एक बल्ब, एवढ्यात काम झालं. आता मामा गाडीत बसले की मी किल्ली फिरवताच विचारतात, "लाल लागला का रे?" लागला म्हटल्याशिवाय दार ओढून घेत नाहीत.