टक्केवारीच्या शेजारी पट लिहा



दहावीच्या निकालात कोकण विभाग पहिला, हे आता महाराष्ट्राच्या अंगवळणी पडले आहे. 2024 मध्ये 99.01 टक्के, 2025 मध्ये 98.82. या यशामागे शिक्षकांची मेहनत आहे आणि तिचे मोल कमी नाही. पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचा हा विभाग राज्यातला सर्वांत लहान आहे, आणि 2011 च्या जनगणनेत या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा घटलेली दिसली. रत्नागिरीत ती 4.82 टक्क्यांनी घटली आणि दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया मोजल्या गेल्या. कमावता माणूस मुंबईला, घर बायकांच्या आणि म्हाताऱ्यांच्या हाती, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. पुढे बायकामुलेही मुंबईकडे निघाली. चाकरमान्यांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या हायस्कुलांचे वर्ग त्यांच्याच नातवंडांविना रिकामे होत आहेत.

अशा शाळेत दहावीला बारा मुले असतात. एक नापास झाला की निकाल थेट 91.67 वर येतो. पुढच्या वर्षी सगळे पास, की फलकावर ‘शंभर टक्के’. दोन वर्षांत शाळा बिघडलेलीही नसते, सुधारलेलीही नसते.

राज्याच्या पातळीवरही आकडा फसवतो. 2018 मध्ये राज्याचा निकाल 89.41 टक्के होता, 2019 मध्ये तो 77.10 वर उतरला. भाषा विषयांचे अंतर्गत गुण काढून घेतले होते, हे त्याचे मोठे कारण. 2021 मध्ये परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला 99.95 टक्के! मुलांची अक्कल वर्षावर्षाला अशी चढत-उतरत नसते.

आता एक कडू गोष्ट. निकाल बिघडू नये म्हणून नववीतल्या कच्च्या मुलाला शाळेबाहेर काढून 17 नंबरचा फॉर्म भरायला लावण्याची वाट या सभागृहातल्या एकाही मुख्याध्यापकाला, शिक्षकाला वा संस्थाचालकाला अनोळखी नाही. तो बाहेरून परीक्षेला बसतो, शाळेच्या टक्केवारीतून गळतो. शाळा शंभर टक्के राहते. हा शिक्षणातला अपराध आहे, आणि तो आपल्याच सहीने होतो.

टक्केवारी मुलाची परिस्थितीही सांगत नाही. बीडकडे पाहा. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि गाळप संपून पट्टा पडेपर्यंत परतत नाहीत. दहावीची परीक्षा याच हंगामात येते. मागे आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहिलेले पोर पेपरला बसते, तेव्हा त्याचे 45 टक्के शहरातल्या क्लासच्या 90 टक्क्यांशेजारी ठेवून शाळांची क्रमवारी लावणे अन्यायाचे आहे.

त्यात लहान शाळांपुढे आणखी एक संकट आहे: 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयातले संचमान्यतेचे, म्हणजे शिक्षकपदे मंजूर करण्याचे, निकष वीसपेक्षा कमी पटाच्या वर्गांचे शिक्षकच काढून घेऊ पाहतात. डोंगरातल्या वाडीवरून पायी येणाऱ्या आठ मुलींचा वर्ग बंद झाला, तर त्यांतल्या किती जणी पुढच्या गावच्या हायस्कुलात पोहोचतील? शासनाने पटाबरोबर अंतरही मोजावे, अशी या संमेलनाने एकमुखाने मागणी करावी.

आणि आपल्या हातातले एक काम आपण करू. येत्या निकालाच्या दिवशी फलकावर टक्केवारीच्या शेजारी तीन आकडे लिहू: आठवीत किती मुले दाखल झाली, त्यांपैकी किती दहावीच्या परीक्षेला बसली आणि मधल्या काळात किती, कुठे गेली.