चामड्याचं जाकीट आणि पाऊस

पावसाळा लागला की ताम्हिणी, माळशेज घाटात मोटारसायकलस्वारांची रांग लागते. त्यांतल्या काहींच्या अंगात चामड्याचं जाकीट असतं. घसरून पडलं तर कातडी वाचवायला ते उत्तम, पण पावसासाठी ते बनलेलंच नाही.

चामडं म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची दाट वीण. कमावताना त्यात तेल मुरवतात, म्हणून ते मऊ राहतं. एखादी सर आली तर काही बिघडत नाही. पुसलं की झालं. तासन्‌तास भिजलं मात्र, तर पाणी तंतूंत शिरतं, शिवणींतून आणि चेनमधून आत झिरपतं, जाकीट चांगलंच जड होतं. आणि खरं नुकसान होतं ते वाळताना! पाणी उडून जाताना आतलं तेल जागचं हलतं, तंतू एकमेकांना चिकटतात आणि चामडं ताठरतं. त्यात कोणी हेअर ड्रायर लावला किंवा जाकीट कडक उन्हात टाकलं, की ते आकसतं, भेगाळतं. घाई नडते ती इथेच.

तेव्हा आधी कोरड्या फडक्यानं टिपा. मग चेन उघडी ठेवून, रुंद हँगरवर, पंख्याखाली सावकाश वाळू द्या. दोन दिवस लागले तरी लागू देत. पूर्ण वाळल्यावर चामड्याचं कंडिशनर हलक्या हातानं चोळा. ओलसर जाकीट कपाटात गेलं तर आपल्या दमट हवेत त्यावर पांढरी बुरशी आलीच म्हणून समजा. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर नकोच.

आणि घाटात निघताना जाकिटावरून सैलसर रेनकोट चढवायला विसरू नका.