भाग दुसरा : दगडाला पट्टे कायले?

आज दगड करायचा आहे. म्हणजे फोटो न वापरता, कोऱ्या पानावर. सॉफ्टवेअर जिम्प घेऊ, फुकट आहे. फोटोशॉपवाल्यांना नावं वेगळी दिसतील, काम तेच.

आधी माझी फजिती सांगतो. कोराडीत एका गणेश मंडळासाठी मी रायगडाच्या भिंतीचा फ्लेक्स केला होता. स्क्रीनवर झकास दिसत होता. टांगला, तेव्हा शेजारी मांडव बघत उभे असलेले एक गवंडीकाका म्हणाले, "याले पट्टे कायले? हा तं आपल्या शिलेवाड्याकडचा दगड." थोडं थांबून म्हणाले, "अन् हा डाग पाहा, तोच तोच." मी मोजला. बारा वेळा होता. फ्लेक्स पुन्हा छापला, खर्च माझ्या खिशातून.

काकांचं बरोबर होतं. रायगड बेसाल्टचा, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला. त्यात वाळूचे थर नसतात. कामठी-शिलेवाड्याकडचा वालुकाश्म मात्र नदीच्या गाळातून थरावर थर साचून झाला, त्यात लोहाचा तांबूसपणा. कोराडीहून दोन्ही जातीचे दगड फार लांब नाहीत, नागपुरात सीताबर्डीची टेकडी बेसाल्टचीच. आणि मी कधी नीट पाहिले नव्हते!

आता जिम्पमध्ये या. फिल्टर्स, रेंडर, नॉइज, सॉलिड नॉइज. तिथे एक्स साइज आणि वाय साइज असे दोन आकडे आहेत. एक्स 1 आणि वाय 14 ठेवलं की आडवे लांब पट्टे येतात. माझी चूक हीच होती. वालुकाश्माला ते शोभतं. बेसाल्टला दोन्ही सारखे ठेवा, 8 आणि 8, डिटेल 15. टाइलेबलवर टिक करा, म्हणजे तुकड्याला तुकडा लावला तरी सांधा दिसत नाही.

या ढगाळ नॉइजमागे एक गोष्ट आहे. 1982 च्या 'ट्रॉन' चित्रपटावर काम केलेल्या केन पर्लिन यांना संगणकाची चित्रं फार गुळगुळीत, यंत्रासारखी वाटत. त्यातून त्यांनी पर्लिन नॉइज शोधला, आणि 1997 मध्ये त्यासाठी त्यांना अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. आपला सॉलिड नॉइज त्याच जातीचा.

पुढे. या थराची एक प्रत काढा, तिच्यावर आरजीबी नॉइज द्या, 'इंडिपेंडंट आरजीबी' बंद ठेवून, नाहीतर रंगीबेरंगी शेव पडल्यासारखी दिसेल. ही प्रत झाली खडबडीतपणाचा नकाशा. मूळ थराला गडद राखाडी रंग द्या, थोडी हिरवट-तपकिरी झाक ठेवा, आणि बंप मॅपमध्ये हा नकाशा निवडा. अॅझिमथ 135, म्हणजे उजेड वरून डावीकडून. देखाव्यातल्या बाकी सगळ्या चित्रांचा उजेडही तिकडूनच हवा. माझ्या भिंतीला डावीकडून ऊन होतं आणि बुरुजाला उजवीकडून! ते काकांनी सांगितलं नाही, मलाच नंतर दिसलं.

बेसाल्टमध्ये वायूच्या बुडबुड्यांची भोकं असतात, काहींत पांढरं खनिज भरलेलं. बारीक ब्रशने तुरळक टाका. अंतर मोजून टाकलीत तर फरशी वाटेल.

डागांचं मात्र ऐका. ते तुकड्यावर काढायचेच नाहीत. आधी पूर्ण भिंत जोडा, मग वर नवा थर, मोड मल्टिप्लाय, आणि सांध्यातून खाली उतरणारे ओघळ हाताने काढा. कुठे रुंद, कुठे मध्येच संपलेले. शेवाळ तळाशी, जिथे पाणी साचतं.

आपल्या इथलं वीज केंद्र माहीतच आहे, गच्चीवर राख बसते. कोराडीतली भिंत काढायची असेल तर फिकट राखाडी थर आडव्या कडांवर द्या, उभ्या पृष्ठावर नको. दोनतीन दिवस गच्चीचा कठडा झाडू नका, बघा कुठे बसते ते.

पुढच्या भागात सागवान. तोवर कापलेली एखादी फळी घरी आणून ठेवा.