शिवणाची हौस आणि तिचा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो 'शिवणकाम : एक किफायतशीर छंद' असा. मी त्यांना म्हटले, यातला छंद माझ्याकडे राहू द्या, किफायत तेवढी परत घ्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "काय हवे ते बोला, पण पंधरा मिनिटांत आवरा." तेव्हा घड्याळाकडे एक डोळा ठेवूनच बोलते.

किफायतीशी माझे भांडण का, ते आधी सांगते. आमच्या यजमानांना बुद्धिबळाचा नाद आहे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्यापायी घरात किती रुपये वाचले, असे त्यांना कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. बाईने मात्र हौस म्हणून काही हाती घेतले, की पहिला प्रश्न ठरलेला : यातून सुटते काय?

शिवणाच्या बाबतीत या प्रश्नाला थोडा इतिहासही आहे. १९०९ साली पुण्याचे सेवासदन निघाले. रमाबाई रानड्यांसारख्या बाईंनी तिथे बायकांना शिवणाचे शिक्षण दिले, ते त्यांना स्वतःच्या पायांवर उभे राहता यावे म्हणून. ते थोर काम होते. त्या काळी विधवा किंवा टाकलेल्या बाईच्या हाती सुई देणे म्हणजे तिच्या हाती भाकरी देणे होते. पण माझे तसे नव्हते. मी १९७७ साली सरकारी नोकरीला लागले. पगार मिळत होता. मला शिवायचे होते ते शिवायला आवडते म्हणून. कापड बेतताना डोके जे एकाग्र होते ते दुसऱ्या कशाने होत नाही म्हणून. आणि ही गोष्ट घरात सांगायला मला फार वर्षे लागली. तोवर 'शिलाई वाचते' हेच सांगत होते, कारण ते सर्वांना पटत होते.

लग्नानंतर वर्षभराने, १९७९ मध्ये, हप्त्यांवर उषाचे पायमशीन घेतले. कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सचे हे मशीन १९३० च्या दशकात निघाले आणि पुढे घराघरांत गेले. सासूबाईंनी त्यावर हळदकुंकू वाहिले. मग काय, परकर, उशांचे अभ्रे, पडदे. मुले झाल्यावर झबली, टोपडी, कुंच्या. ती शाळेत गेल्यावर गणवेश. शिलाई वाचली, हे खरेच.

गांधीजी यंत्रांच्या विरुद्ध होते असे आपण ऐकतो. पण १९२४ साली 'यंग इंडिया'त आलेल्या एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला मुद्दाम अपवाद केला. बायको हाताने टाके घालून शिणते हे पाहून सिंगरने प्रेमापोटी हे यंत्र काढले, असे त्यांनी सांगितले. (सिंगरचे चरित्र वाचले तर ते प्रेम बऱ्याच ठिकाणी वाटले गेले होते असे दिसते, पण ते असो.) सिंगरने १८५१ साली पेटंट घेतले. हाताने सबंध दिवस खाणारा सदरा यंत्रावर दीड-दोन तासांत होऊ लागला. मग बाईचे उरलेले तास गेले कुठे? माझ्या घरापुरते सांगते. ते आणखी शिवण्यात गेले. पूर्वी शिंप्याकडे जाणारे कपडे आता माझ्याकडे येत होते, एवढाच फरक.

तुमच्यापैकी ज्या डोंबिवलीहून मुंबईला नोकरीला जात होत्या त्यांना दिनक्रम सांगायला नको. पहाटे पाणी भरायचे, डबे करायचे, सातचाळीसची गाडी गाठायची, तास-सव्वा तास उभ्याने जायचे, आणि संध्याकाळी तेच उलटे. बायकांच्या डब्यात शिवणाला मात्र कोणी हसत नसे. एकीच्या मांडीवर मटार, दुसरीच्या मांडीवर माझ्यासारखीचा ब्लाऊज. मुलुंड ते भायखळा एवढ्यात एका ब्लाऊजचे हूक-आय लावून होत. बसायला मिळाले तर! जेवणाच्या सुट्टीत कधी तरी मंगळदास मार्केटला चक्कर टाकायची आणि टू बाय टू रुबियाचे तुकडे, अस्तर, साडीचे फॉल घेऊन यायचे. ती अर्ध्या तासाची चक्कर मला अजूनही एखाद्या सहलीसारखी आठवते.

मशीनवर बसायला मिळे ते रात्री दहानंतर. मशीन होते बोळकांडीत, कारण खोलीत पलंग आणि कपाट. दिवा पाठीमागे, बसायला स्वयंपाकघरातले गोल स्टूल. त्यात शेजारपाजारच्या 'एकच टीप मारून द्या हो' अशा विनंत्या. एक टीप म्हणजे दोऱ्याचा रंग बदलणे, बॉबिन भरणे, आधीची शिवण उसवणे आणि मग ती एक टीप! हे तुम्ही सर्वजणी जाणता. या सभेतही अशा पाच-सहा जणी मला दिसत आहेत, आणि त्या आत्ता हसत आहेत.

१९९८ च्या पावसाळ्यात माझी मान धरली. आधी नुसती दुखे, मग उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या आणि बोटांतून सुई निसटू लागली. मला तेव्हा त्रेचाळिसावे चालू होते. एक्सरेत मानेच्या मणक्यांची झीज दिसली. डॉक्टरांनी पट्टा दिला, गोळ्या दिल्या आणि विचारले, "घरी शिवणकाम करता का?" हो म्हटल्याबरोबर म्हणाले, "मग ते आजपासून बंद."

घरी येऊन सांगितले तर सर्वांचे एका क्षणात एकमत. असे एकमत आमच्या घरात क्रिकेटच्या सामन्याखेरीज मी पाहिले नव्हते. मशीन विकून टाकू, तुझ्याच तब्येतीसाठी सांगतो, असे जो तो म्हणू लागला. दोन दिवसांत एक गिऱ्हाईकही ठरले.

मी कचेरीत हिशेबाच्या विभागात होते. बोलण्यापेक्षा आकडे मांडणे मला सोपे जाते. म्हणून एक आठवडाभर वहीत टिपून ठेवले, मान खाली घालून किंवा हात वर धरून मी काय काय करते ते. कचेरीत खतावण्यांवर वाकून सुमारे तीस तास. ओट्याशी पोळ्या, चिराचिरी आणि भांडी मिळून एकवीस. गाडीत वरची कडी धरून साडेबारा. आणि मशीनवर? साडेचार तास.

ती वही घेऊन मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले. भले गृहस्थ होते, वही पाहून हसले. म्हणाले, "बाई, नोकरी सोडा असे मी सांगू शकत नाही, आणि पोळ्या करू नका म्हटले तर तुम्ही ऐकणार नाही." मी त्यांना दोष देत नाही. पण त्या वाक्याने माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाईच्या कामांपैकी जे बंद केल्याने दुसऱ्या कोणाचे काहीच अडत नाही, तेच पथ्य म्हणून लिहून देणे सर्वांत सोपे असते. दळण-कांडण, धुणी-भांडी, नोकरी यांना हात लागत नाही. कात्री लागते ती तिच्या साडेचार तासांना.

डॉक्टरांनी मग मला व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईंकडे पाठवले. त्यांनी 'शिवता का' हे विचारले नाही. 'कशा बसता ते करून दाखवा' म्हणाल्या. मी त्यांच्याच स्टुलावर बसून दाखवले. त्यांनी कपाळाला हात लावला.

घरात मी सांगितले की मशीन राहील, पोळ्या जातील. डोंबिवलीत पोळीभाजी केंद्रांना तोटा नाही. आठवड्यातले चार दिवस पोळ्या बाहेरून येऊ लागल्या. पहिले पंधरा दिवस त्या कोणाच्या घशाखाली उतरेनात. मग उतरू लागल्या. गिऱ्हाईक परत पाठवले ते मात्र सासूबाईंनी. "माझ्या लुगड्यांची गोधडी व्हायची राहिली आहे, मशीन कुठे जाणार नाही," असे त्यांनी दारातूनच सांगितले. त्यांच्या बोलण्यात माझ्या बाजूपेक्षा गोधडीची काळजी अधिक होती. पण मला दोन्ही चालण्यासारखे होते.

त्या बाईंनी सांगितलेले आणि मी पुढे अनुभवाने ठरवलेले काही तुम्हाला सांगते, कारण आपल्यात पुष्कळजणी शिवतात. पाठ असलेली खुर्ची घ्यावी आणि कोपर मशीनच्या पाटाच्या पातळीला येईल इतकी उंची साधावी. कमी पडली तर खाली घडीची चादर. आपण मशीनच्या मधोमध बसतो, तसे न बसता सुईच्या समोर बसावे. नाही तर सगळा वेळ अंग डावीकडे वळलेले राहते. कापड जमिनीवर उकिडवे बसून बेतू नये, जेवणाच्या टेबलावर बेतावे. दिवा समोरून डावीकडून हवा, पाठीमागून नको. काळे कापड रात्री हाती धरूच नये. चाळिशीचा चष्मा करताना आधी घरी टेपने सुईपासून डोळ्यांपर्यंतचे अंतर मोजावे आणि तो आकडा चष्मेवाल्याला सांगावा; वाचायचे अंतर आणि सुईचे अंतर एकच असेल असे नाही. दर वीस मिनिटांनी उठावे, खिडकीतून लांब पाहावे. मी कुकरसाठी आणलेला गजर मशीनवर ठेवते. आणि सुई बोथट झाली की बदलावी हो! रुबियाला चौदा नंबर, तलम व्हॉइलला अकरा, जाड कापडाला सोळा. बोथट सुईने टाके सुटतात, मग कापड ओढत बसावे लागते आणि खांदा भरून येतो.

२००९ मध्ये साखर निघाली, तेव्हा घरात पुन्हा मशीनकडे नजरा वळल्या. या वेळी मात्र मला एका गोष्टीचे खरेच भय वाटले, आणि ते मशीनचे नव्हते, टाचण्यांचे होते. साखरेने तळपायाची जाणीव कमी होते. टाचणी रुतलेली कळत नाही आणि जखम चिघळते. तेव्हापासून शिवताना पायांत चपला, आणि टाचण्या मोजून काढायच्या, मोजून परत ठेवायच्या. वीस काढल्या तर वीस परत. एकोणीस भरल्या तर दोरीला बांधलेले लोहचुंबक जमिनीवरून फिरवायचे, ती विसावी मिळेपर्यंत. आमचा नातू हे काम आवडीने करतो. तुमच्यात ज्यांना साखर आहे त्यांनी एवढे तरी उद्यापासून करावे.

त्याच सुमारास मशीनला छोटी मोटर बसवली, पायांना आराम म्हणून. खालचे पायटे आणि पट्टा मात्र काढू दिला नाही. २००५ च्या आसपासचे भारनियमन मी विसरलेले नाही. अर्धे गाव अंधारात बसले होते तेव्हा भर दुपारी खिडकीशी माझे मशीन चालू होते.

२०१३ साली निवृत्त झाले. आता मशीन बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ आहे आणि सकाळचे नऊ ते अकरा हे तास माझे आहेत. त्या वेळात दाराची घंटा वाजली तर यजमान उघडतात. सासूबाईंची गोधडी त्यांच्या हयातीत पुरी झाली. वरचा थर त्यांच्या जांभळ्या इरकली लुगड्याचा आहे. धावदोरा त्यांनी घातला, कडेची टीप मी मारली. आता मी जास्त करून परकर शिवते, सहा कळ्यांचे, आणि प्रत्येकाला आतून चोरखिसा लावते. पुरुषाच्या एका सदऱ्याला दोन-दोन खिसे आणि आपण आयुष्यभर पास आणि पैसे रुमालात बांधून हिंडलो, हे काही मला पटत नाही. बाजारच्या परकराला खिसा मिळणे कठीण. मला तो लावायला दहा मिनिटे पुरतात.

चिटणीसबाई घड्याळ दाखवत आहेत. ज्यांना चोरखिसा कसा लावायचा ते पाहायचे असेल त्यांनी येत्या बुधवारी नऊ वाजता घरी यावे. कापड आणि कात्री ज्याची त्याने आणायची. माझी कात्री मी कोणाला देत नाही. आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनी इथे असतील तर त्यांचा परकर तयार आहे. पिशवीत घालून आणला आहे, जाताना घेऊन जावा.